खाऱ्या टाकीत लाल शेवाळ वाढवायचंय? आधी त्याला खाऊ घाला

मरीन टाकी ठेवायला लागलं की पहिल्या महिन्यातच एक मंत्र कानी पडतो: माशांच्या विष्ठेतून आणि उष्ट्यातून पाण्यात साठणारं नायट्रेट शून्यावर आणा, फॉस्फेट शून्यावर आणा. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) मोठा घ्या, माशांना हात राखून खायला घाला, पाणी कसं आरशासारखं हवं. पोवळ्यांच्या टाकीसाठी तयार झालेला हा मंत्र लाल शेवाळाच्या मात्र मुळावर येतो. हौसेनं आणलेली लालभडक फांदी तीन-चार आठवड्यांत पिवळट पडते, टोकांना पांढरी होते आणि एक दिवस तुकडे तुकडे होऊन फिल्टरमध्ये सापडते. मग दोष दिव्याला दिला जातो, मिठाला दिला जातो, दुकानदाराला तर दिला जातोच. बहुतेक वेळा ते शेवाळ उपासमारीनं मेलेलं असतं.

टाकी, पाणी, उजेड हे सगळं पुढे येईलच. पण खताचा भाग नीट वाचा. बाकीचं थोडं इकडंतिकडं झालं तरी शेवाळ सांभाळून घेतं, खताचं नाही.

नेमकं कोणतं लाल शेवाळ

टाकीत लाल दिसतं ते सगळंच आपल्या कामाचं नसतं. वाळूवर आणि काचेवर किरमिजी साय धरते, तिच्यात बुडबुडे अडकतात, नळीनं ओढली की पापुद्रा सुटून येतो. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. आपल्याला हवं आहे ते दगडाला धरून राहणारं, फांद्या फुटणारं, बोटांत पकडता येणारं शेवाळ.

त्याचा लाल रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याचा. हे रंगद्रव्य निळा-हिरवा उजेड शोषतं आणि खोल पाण्यात नेमका तोच उजेड पोचतो, त्यामुळे लाल शेवाळं कमी उजेडातही तग धरतात. दुसरी गोष्ट अशी की फायकोएरिथ्रिन हे प्रथिन आहे, आणि प्रथिन म्हटलं की नायट्रोजन आला. रंग का उतरतो, याचं उत्तर इथेच आहे.

सुरुवात ग्रॅसिलारियापासून करा. बारीक, गोल किंवा चपट्या, किंचित कडक फांद्यांचा झुबका असतो. कुठूनही तोडलेला तुकडा वाढतो, २८ अंशांपर्यंतचं तापमान सोसतो आणि माळ्याच्या चुका बऱ्याच माफ करतो. हवाई बेटांवर हिला ‘ओगो’ म्हणतात आणि खातात. जगातल्या अगरचा मोठा हिस्सा याच वंशापासून बनतो, म्हणजे आपल्याकडे पुडिंगसाठी आणलेलं चायना ग्रास हिच्या घरातलंच. कोकणच्या खडपातही ग्रॅसिलारिया कॉर्टिकाटा ही तिची एक जात भरपूर दिसते.

हॅलिमेनिया दिसायला सगळ्यांत देखणी: रुंद, गुळगुळीत, केशरी-लाल पातं आणि कडेला झालर. पण ती नाजूक आहे. जोमानं वाढते, बीजाणू सोडते आणि काही दिवसांत पातं विरत जातं. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. पायथ्याचा भाग दगडावर राहू द्या, त्यातून कधी कधी नवं पातं फुटतं. ग्रॅसिलारिया जमल्यावरच हिच्या वाटेला जा.

बॉट्रिओक्लाडिया म्हणजे लाल द्राक्षांचे घोस. प्रत्येक मणी आतून चिकट द्रवानं भरलेला असतो. वाढ सावकाश, उजेडाची गरज कमी, छाटणीचा ताप नाही. छोट्या टाकीत सावलीच्या कोपऱ्यासाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही.

गॅलॅक्सॉरा आणि अँफिरोआ या अंगात चुना साठवणाऱ्या जाती. त्यांना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) सांभाळून द्यावी लागते, एरवी त्रास नाही. हिप्निया मात्र कुणी फुकट दिली तरी नको म्हणा. तिच्या फांद्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात, ती प्रत्येक गोष्टीला अडकतात, तुटतात आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याची नवी हिप्निया होते.

मिळवायचं कुठून

सगळ्यांत चांगला स्रोत म्हणजे आधीपासून वाढवणारा माणूस. त्याच्या टाकीत रुळलेली फांदी तुमच्याकडे लवकर रुळते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या बाजूला मरीनची दुकानं आहेत. तिथे विचारून ठेवावं लागतं, कारण मासे तिथे रोज असतात, शेवाळ कधीतरी येतं.

आता कोकणात राहणाऱ्यांचा हमखास प्रश्न: समोर समुद्र असताना विकत कशाला? पावसाळ्यानंतर, थंडीच्या दिवसांत उधाणाच्या ओहोटीला खडपात गेलात तर शेवाळाची खरोखर बाग दिसते. जा आणि बघा. कोणती जात सावलीत आहे, कोणती लाटेच्या माऱ्यात, कोणती डबक्यात, हे बघून टाकीत काय कुठे लावायचं ते कळतं. आणू मात्र नका. मालवणचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काही उचलणं बेकायदाच. इतर ठिकाणीही तुमच्याबरोबर खेकड्यांची पिल्लं, चपटे कृमी, हायड्रॉइड (डंख मारणारे झुडपासारखे बारीक जीव) आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई घरी येतात. शिवाय लाटांच्या धुमश्चक्रीत वाढलेली फांदी घरच्या पंपाच्या झुळकीत कुजते.

दगडांबाबतही हेच. भारतीय समुद्रातली पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि त्यात मेलेल्या पोवळ्याचे तुकडेही येतात. दुकानदार ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेला, जीव बसलेला दगड) म्हणून काही पुढे करत असेल तर हात लावू नका. माणसानं बनवलेले सिरॅमिकचे किंवा कोरडे कृत्रिम दगड पुरतात. जांभा वापरू नका, तो ठिसूळ असतो आणि पाण्यात गाळ सोडतो.

घेताना फांदी हातात घेऊन पाहा. ती कडक हवी, बोटानं दाबली तर परत उभी राहायला हवी. बुळबुळीत लागली किंवा सडका वास आला तर तिथेच ठेवा. फांद्यांवर मोहरीएवढे गोल उंचवटे दिसले तर घाबरू नका, तो रोग नाही. मादी ग्रॅसिलारियाच्या अंगावर बीजाणू तयार होण्याच्या त्या जागा आहेत, झाड सुदृढ असल्याची खूण.

टाकी, दिवा, प्रवाह

२४ × १५ × १५ इंचांची दोन फुटी टाकी काठोकाठ सुमारे ८८ लिटर भरते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की ७०-७५ लिटर पाणी उरतं. दोन फूट लांब आणि १८ इंच रुंद-उंच घेतलीत तर आणखी बरं. लहान टाकीत सगळं झटपट बिघडतं. एवढ्या टाकीचं वजन काच-दगडांसह शंभर किलोंच्या घरात जातं, म्हणून टीव्हीच्या स्टँडवर ती ठेवू नका.

दिव्यावर पैसे उधळायची गरज नाही. पोवळ्यांसाठी विकले जाणारे निळे दिवे तर इथे उलट नडतात: निव्वळ निळ्या उजेडात लाल शेवाळ काळं दिसतं, मग ते लावून उपयोग काय? इलेक्ट्रिकच्या दुकानातला ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी फ्लडलाइट, २० ते ३० वॉटचा, दोन फुटी टाकीला बास होतो. वायर आधी टाकीच्या पातळीखाली लोंबून मग सॉकेटकडे वर चढली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी सॉकेटमध्ये जात नाही. पॅर मीटर (शेवाळाला वापरता येणारा उजेड मोजणारं यंत्र) कुणाकडून मिळाला तर ५० ते १५० च्या दरम्यान आकडा हवा. ग्रॅसिलारियाला त्यातला वरचा भाग, बॉट्रिओक्लाडियाला खालचा. मीटर नसेल तर दिवा पाण्यापासून एक फूट वर ठेवा, रोज आठ तासांनी सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत दहावर न्या. बारा तासांच्या पुढे गेल्यास काचेवरच्या हिरव्या शेवाळाचाच फायदा होतो.

प्रवाह भरपूर हवा. शेवाळाला मुळं नसतात. दगडाला धरून ठेवणारा पाया असतो, पण तो काही शोषून घेत नाही. सगळं खाणं पानांच्या पृष्ठभागावरूनच आत जातं. पाणी साचलेलं असलं की पानाभोवतीच्या पातळ थरातलं खाणं संपतं आणि बाकी टाकीत नायट्रेट असूनही ते उपाशी राहतं. तासाला टाकीच्या पंधरा-वीसपट पाणी फिरेल असे दोन छोटे पंप समोरासमोर लावा. सगळ्या फांद्या सतत डोलत असल्या पाहिजेत आणि झुबक्यात कुठेही गाळ साचता कामा नये. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर तुटके तुकडे आत जाऊन पंप बसेल.

स्किमर लागत नाही. आधीपासून असेल तर दिवसातून काही तास चालवा.

पाणी

घरच्या आरओचं पाणी शुद्धच असणार असं गृहीत धरू नका. पिण्याच्या बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतात. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, बुडवून बघा. आकडा ० ते ५ असेल तर ठीक, ४०-५० असेल तर उरलेले क्षार काढणारा डीआय रेझिनचा वेगळा फिल्टर जोडा किंवा शुद्ध पाणी बाहेरून आणा. जुन्या तांब्याच्या नळांतून आलेलं पाणी तर अजिबात नको.

मीठ मरीन टाकीसाठी बनवलेलंच हवं. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची वानवा. लिटरला साधारण ३६ ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या बादलीला ७२० ग्रॅमच्या आसपास. मीठ पाण्यात टाकायचं, पाणी मिठावर ओतायचं नाही. पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि मग रिफ्रॅक्टोमीटरनं (खारटपणा मोजणारं भिंगाचं यंत्र) मोजा: खारटपणा हजारी ३५, किंवा २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यानं नव्हे, तर ३५ च्या प्रमाणित द्रावणानं जुळवून घ्या.

मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरून आणायची टूम अधूनमधून निघते. त्यात सांडपाणी किती आहे याचा नेम नसतो आणि पावसाळ्यात ते पातळही झालेलं असतं. नकोच.

बाकीचे आकडे असे: तापमान २४ ते २७ अंश, पीएच ८ ते ८.४, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम), मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. दारं-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच ७.८ पर्यंत उतरतो. शेवाळाला त्याचं वावडं नाही, म्हणून लगेच पीएच वाढवायची पावडर टाकू नका, खिडकी उघडा.

आपल्या हवेत खरी डोकेदुखी तापमानाची. पुण्यात, नाशकात एप्रिल-मेची हवा कोरडी असते, पाण्यावर तिरका पंखा मारला की दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईत आणि कोकणात हवेतच इतकी ओल असते की पंख्याचा परिणाम निम्माही होत नाही. तिथे टाकी एसीच्या खोलीत ठेवा, नाहीतर चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च धरा. पंखा लावला की बाष्पीभवन वाढतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं: ८० लिटरमधून एक लिटर उडालं की खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३५.५ होतो. चार दिवस दुर्लक्ष केलंत तर तो ३७ ला टेकतो. म्हणून काचेवर पाण्याची रेघ आखा आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडं, शुद्ध पाणी घाला. खारं घालायचं नाही, मीठ आत आहेच.

नव्या टाकीत घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय टाकू नयेत. ग्रॅसिलारियाला मात्र एवढं थांबावं लागत नाही. तिला अमोनिया नायट्रेटपेक्षाही पटकन घेता येतो. अमोनियाचा पहिला चढ ओसरून तो ०.५ पीपीएमच्या खाली आला की तिला आत घ्या.

लावणं

पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग अर्धा-पाऊण तास थेंब थेंब टाकीचं पाणी पिशवीत सोडा. त्यानंतर फांदी पांढऱ्या ट्रेमध्ये टाकीच्याच पाण्यात हलवून झटका. ट्रे पांढराच हवा, कारण त्यावर पळणारे किडे, कृमी, ऐप्टेशिया या उपद्रवी, डंखी समुद्रफुलाचे तपकिरी ठिपके लगेच दिसतात. काय आलंय ते चिमट्यानं काढा. वेगळ्या बादलीत दिवा आणि हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा) लावून दोन आठवडे ठेवता आलं तर उत्तम. ‘किडे मरावेत’ म्हणून गोड्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला मिळेल, तो हिरव्या शेवाळांपुरता ठेवा. गोड्या पाण्यात लाल शेवाळाच्या पेशी फुटतात आणि रंग पाण्यात उतरतो.

ग्रॅसिलारियाचा पायथा दगडाच्या फटीत खोचा आणि वर छोटा दगड टेकवा. फट नसेल तर सुपरग्लूचं जेल चालतं: दगड आणि पायथा टिपकागदानं टिपा, जेलचा थेंब ठेवा, दहा-पंधरा सेकंद दाबा, मग पाण्यात सोडा. हॅलिमेनियाला हीच पद्धत, फक्त पात्याला जेल लागू देऊ नका. बॉट्रिओक्लाडिया बहुधा दगडासकट येते, तो दगडच ठेवून द्या. पहिले काही दिवस जागा बदलत बसू नका.

ग्रॅसिलारिया न चिकटवता गोल गोल फिरत ठेवण्याचीही रीत आहे. टाकीला मागे वेगळा कप्पा असेल तर त्यात तळातून हवेचे मोठे बुडबुडे सोडले की झुबका वर येतो, खाली जातो, प्रत्येक फांदीला आळीपाळीनं उजेड मिळतो. मोठ्या प्रमाणावर तिची शेती टाक्यांमध्ये अशीच करतात.

खत

१९८३ साली ॲटकिन्सन आणि स्मिथ या शास्त्रज्ञांनी जगभरातल्या समुद्री शेवाळांची आणि सागरी गवतांची रासायनिक घडण मांडली. कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचं त्यांना मिळालेलं मधलं प्रमाण ५५० : ३० : १ होतं. तरंगत्या सूक्ष्म शेवाळांचं प्रसिद्ध प्रमाण १०६ : १६ : १ आहे. म्हणजे एका फॉस्फरसमागे मोठ्या शेवाळाला जवळपास दुप्पट नायट्रोजन लागतो. टाकीच्या भाषेत, म्हणजे वजनानं सांगायचं तर फॉस्फेटच्या वीसपट नायट्रेट. माशांच्या खाण्यातून फॉस्फेट बऱ्यापैकी येत राहतं, आणि नायट्रेट आधी संपतं. नायट्रेट संपलं की शेवाळ साठवणीतला नायट्रोजन वापरायला काढतं, आणि ती साठवण म्हणजे फायकोएरिथ्रिन. लाल रंगच ते खाऊन टाकतं.

पाण्यात नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.२ पीपीएम राहील असं बघा. त्यासाठी दोन बाटल्या तयार करा.

पहिली: एक लिटर शुद्ध पाण्यात १६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. याचे १० मिली १०० लिटर पाण्यात घातले की नायट्रेट १ पीपीएमनं वाढतं.

दुसरी: एक लिटर शुद्ध पाण्यात ०.७२ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट. याचे १० मिली १०० लिटरमध्ये फॉस्फेट ०.०५ नं वाढवतात.

दोन्ही सारख्या मापानं घातलंत की वीसास एक हे प्रमाण आपोआप जुळतं. वजनाला सोनाराकडचा काटा नको, ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा पुरे. द्राक्षबागायतदारांना हे दोन्ही क्षार ओळखीचे वाटतील: तेच ते १३-०-४५ आणि ०-५२-३४. पण टाकीसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्या. वर्षभरात लागतात किती, आणि खताच्या पोत्यात आणखी काय काय आहे हे आपल्याला दिसत नाही. पोटॅशियम नायट्रेट आगीला जोर देणारा क्षार आहे. बाटल्यांवर नाव लिहा आणि मुलांपासून, काडेपेटीपासून लांब ठेवा.

किती घालायचं हे शेवाळालाच विचारायचं. समजा रविवारी नायट्रेट १० आहे. काहीच न घालता बुधवारी मोजलं तर ७ भरलं. म्हणजे दिवसाला १ पीपीएम खर्च. ८० लिटरच्या टाकीत रोज ८ मिली पहिल्या बाटलीतलं. पुढच्या रविवारी पुन्हा मोजा आणि माप जुळवा. शेवाळ वाढेल तशी भूक वाढते, छाटणी केली की कमी होते, म्हणून एकदा ठरवलेलं माप कायम चालत नाही. दुसरी बाटली फॉस्फेट ०.०५ च्या खाली गेल्यावरच उघडा. रंग जुळवायच्या किटवर इतकं कमी फॉस्फेट नीट वाचता येत नाही, जमलं तर डिजिटल चेकर घ्या. दोन्ही आकडे शून्यावर पडू दिलेत तर शेवाळ तर जातंच, वर तपकिरी, शेंबडासारखे डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव टाकीचा ताबा घेतात. त्यांना घालवणं महिनोन् महिने चालतं.

ज्यांच्या टाकीत पोवळी किंवा ॲनिमोन (समुद्रफुलं) आहेत आणि ज्यांना पाण्यात नायट्रेट चढवायचं नाही, त्यांच्यासाठी बादलीची युक्ती. ग्रॅसिलारिया नायट्रोजन झपाट्यानं ओढून साठवते आणि त्या शिदोरीवर आठवडाभर किंवा जास्तच वाढते. बादलीत टाकीचंच १० लिटर पाणी घ्या, दोन्ही बाटल्यांतलं प्रत्येकी २० मिली घाला, हवेचा दगड सोडा आणि संध्याकाळी झुबका त्यात ठेवा. सकाळी टाकीच्या पाण्यात खळबळून परत आत. बादलीतलं पाणी फेकून द्या. फांद्यांवर बसणाऱ्या केसाळ हिरव्या शेवाळाला या पद्धतीत फारसं काही मिळत नाही, हा आणखी एक फायदा. मला विचाराल तर रोज थेंब मोजण्यापेक्षा ही पद्धत सोपी आहे.

लोह, मँगनीज, आयोडीन वगैरे आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदलण्यातूनच मिळून जातं. नायट्रेट-फॉस्फेट व्यवस्थित असूनही कोवळी टोकं फिकट निघत असतील तेव्हा सूक्ष्मद्रव्यांची तयार बाटली घ्या आणि लेबलवर लिहिलंय त्याच्या अर्ध्यापासून सुरू करा. आयोडीन अंदाजपंचे टाकण्याची गोष्ट नाही.

रंग काय सांगतो

फांद्या कडक, पण रंग लालवरून शेवाळी-पिवळा किंवा गवती होत चाललाय: नायट्रेट मोजा. शून्याजवळ असेल तर निदान झालं. आठ-दहा असेल तर उजेड जास्त होतोय. दिवा वर घ्या किंवा दोन तास कमी करा. उपाशी ग्रॅसिलारियाला खत मिळालं की आठवडा-दहा दिवसांत लाली परत येताना दिसते, आणि ती आधी नव्या टोकांवर दिसते.

रंग गडद, काळसर लाल आणि वाढ ठप्प: खाणं आहे, उजेड कमी आहे.

टोकं पांढरी, पारदर्शक, बोट लावताच तुटणारी: तेवढा भाग मेला. निरोगी भागापर्यंत कात्रीनं कापा आणि गेल्या काही दिवसांत खारटपणा किंवा तापमान उसळलं होतं का ते तपासा. संशयास्पद तुकडा पांढऱ्या वाटीत टाकीच्या पाण्यात ठेवून बघा: पाण्याला गुलाबी झाक आली तर रंगद्रव्य पेशींबाहेर गळतंय, तो तुकडा वाचत नाही.

झुबक्याच्या मधोमध सड आणि बाहेरून सगळं ठीक: आत पाणी पोचत नाही. झुबका उपसा, फाडून दोन करा.

शेजारी कोण चालतील

टँग आणि रॅबिटफिश असलेल्या टाकीत लाल शेवाळ म्हणजे त्यांचं जेवण, विषय संपला. समुद्री साळू म्हणजे अर्चिन, सी हेअर (मोठी समुद्री गोगलगाय), एमराल्ड खेकडे आणि मोठ्या टर्बो गोगलगाई यांनाही दूर ठेवा. क्लाउनफिश, गोबी, फायरफिश, कार्डिनल हे मासे बिनधोक, आणि त्यांच्या विष्ठेतून खतही मिळतं. सेरिथ आणि नॅसेरियस गोगलगाई फांद्यांवरचा मळ आणि तळचं उष्टं साफ करतात.

बारीक कोळंबीसारखे ॲम्फिपॉड आपोआप येतात. संख्या आटोक्यात असेपर्यंत ते फांद्या साफ ठेवतात. एकही मासा नसलेल्या टाकीत मात्र त्यांची पलटण होते आणि कोवळी टोकं कुरतडली जातात. एखादा छोटा मासा हा प्रश्न सोडवतो. समुद्रघोडे आणि ग्रॅसिलारिया अशी जोडी परदेशी छायाचित्रांत छान दिसते, पण समुद्रघोडे आपल्याकडे संरक्षित आहेत. तो बेत सोडा.

दिवे बंद झाले की शेवाळही श्वासासाठी ऑक्सिजन खातं. भरगच्च शेवाळाच्या टाकीत रात्री वीज गेली तर मासे आपल्या अंदाजापेक्षा लवकर गुदमरतात. एक पंप इन्व्हर्टरवर घ्या, किंवा बॅटरीचा हवेचा पंप जोडून ठेवा.

छाटणी आणि वाटावाटी

आठवड्यातून एकदा हातानं झुबके हलवून गाळ उडवा, मग पाणी बदला, म्हणजे उडालेला गाळ नळीतून निघून जातो. दर दोन-तीन आठवड्यांनी एक-तृतीयांश छाटा. जुना, केसाळ शेवाळ चढलेला भाग काढायचा, कोवळा ठेवायचा. एका वेळी निम्म्याहून जास्त कापलंत तर पाण्यातलं नायट्रेट अचानक साचायला लागतं, तेव्हा खताचं माप त्याच दिवशी कमी करा. छाटलेलं स्वतः खाऊ नका. टाकीत आपण काय काय टाकलेलं असतं ते आठवा, शिवाय कच्च्या ग्रॅसिलारियाच्या काही जातींतून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कुणाकडे टँग असेल तर त्याला द्या, तो दुवा देईल.

गटारात, खाडीत, समुद्रात काहीही सोडायचं नाही. हवाईत १९७०च्या दशकात शेतीसाठी आणलेली ग्रॅसिलारिया सॅलिकॉर्निया आज तिथल्या खडकांवर पसरून बसली आहे. आपल्याकडे मन्नारच्या आखातात लागवडीसाठी आणलेलं कप्पाफायकस हे लाल शेवाळ क्रुसडाई बेटाजवळच्या पोवळ्यांवर चढल्याचं आढळलं. नको असलेल्या फांद्या रात्रभर गोड्या पाण्यात बुडवा, ते पाणी मोरीत ओता, फांद्या कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा एकदा धुऊन, मीठ गेल्यावर, कंपोस्टात घाला.

मित्राला फांदी पाठवायची असेल तर पाणी भरलेल्या पिशवीपेक्षा ओला कागद बरा. छपाई नसलेला टिपकागद टाकीच्या पाण्यात भिजवून पिळा, फांदी त्यात सैल गुंडाळा, पिशवीत थोडी हवा ठेवून बांधा आणि थर्माकोलच्या डब्यात घाला. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून, पिशवीला थेट टेकवून नाही. रात्रीच्या बसनं पुण्याहून कोल्हापूर किंवा नागपूरपर्यंत ग्रॅसिलारिया अशी आरामात जाते. हॅलिमेनिया मात्र पाण्यातच पाठवा आणि घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की पिशवी उघडल्या उघडल्या नायट्रेट मोज.